श्रेणी-सदस्यनोंदी आणि कुलेतिहास

यूरोपातील नगरांत मध्ययुगापासून कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या ज्या श्रेणी (गिल्ड) होत्या, त्यांच्या दप्तरांतील सदस्यत्व, उमेदवारी, वर्गणी, दंड इत्यादींच्या नोंदींवरून एखाद्या कुटुंबाचा पूर्वेतिहास शोधण्याची पद्धती. राजघराणी, सरदार व जमीनदार यांच्या वंशावळी फार पूर्वीपासून जतन केल्या गेल्या. कारण मालमत्ता व पदव्या त्यांवर अवलंबून होत्या. सामान्य माणसाचे नाव मात्र बहुधा चर्चच्या पॅरिशमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन एवढ्या तीन नोंदींतच येई. त्याने एकदा गाव सोडले, की हा धागा तुटतो. खेड्यातून शहरात आलेला मुलगा आणि पुढे त्या शहरात दुकान थाटून बसलेला गृहस्थ हे एकच होत, हे सांगणारा पुरावा पुष्कळदा फक्त श्रेणीच्या वहीत मिळतो. चांभार, सुतार, न्हावी, मेणबत्त्या करणारे, छापखान्यातील जुळारी अशा लोकांच्या कुलेतिहासाला म्हणूनच या वह्यांचे मोल मोठे आहे.

तथापि या वह्या कुलेतिहासासाठी लिहिल्या गेल्या नव्हत्या. नगरात धंदा करण्याचा हक्क कोणाला आहे, तो त्याला कोणत्या मार्गाने मिळाला आणि त्यासाठी त्याने किती शुल्क भरले, हे ठरविण्यासाठी त्या ठेवल्या जात. बापाचे नाव नोंदीत येते ते हक्काचा आधार म्हणून. आईचे नाव येत नाही, कारण त्या हक्काशी तिचा बहुधा संबंध नसे. नोंद कोणत्या हेतूने केली गेली हे लक्षात न घेता ती वाचणारा संशोधक चुकीच्या वंशावळी रचण्याचा संभव असतो व तशा वंशावळी रचल्याही गेल्या आहेत.

भारतात श्रेणी प्राचीन काळापासून होत्या. नासिक येथील लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात (इ. स. दुसरे शतक) गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २,००० व १,००० कार्षापण ठेव म्हणून दिल्याचा उल्लेख आहे, पहिलीवर दरमहा शेकडा एक व दुसरीवर पाऊण व्याज ठरले होते. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून ‘फलकवारा’त, म्हणजे नोंदींच्या दप्तरात, नोंदविला गेल्याचेही त्यात म्हटले आहे. नोंदी ठेवण्याची पद्धती होती, हे यावरून स्पष्ट होते. परंतु ते फलक उरले नाहीत आणि त्या श्रेणींच्या सदस्यांची एकही यादी आज उपलब्ध नाही. महाराष्ट्रातील कुलवृत्तान्तांचे लेखन त्यामुळे वतनाची कागदपत्रे, गोतसभेचे महजर, इनामपत्रे आणि त्र्यंबकेश्वर, नासिक, पंढरपूर इ. क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांवर उभे राहिले. सुतार, लोहार यांसारख्या बलुतेदारांच्या वतनाचा तंटा उपस्थित झाला, की महजरात त्यांच्या काही पिढ्यांची नावे येत. हक्काच्या वादातून वंशाची माहिती उरली, एवढे साम्य यूरोपीय श्रेणीनोंदींशी आहे. मात्र वतन गावाशी बांधलेले होते, तर श्रेणीची वही प्रामुख्याने गाव सोडून आलेल्यांची होती [⟶ श्रेणि].

लंडनमधील नोंदी : या पद्धतीचे सर्वांत संपन्न क्षेत्र लंडन हे होय. तेथील श्रेणींना ‘लिव्हरी कंपनी’ म्हणतात व शंभरांहून अधिक कंपन्या आजही अस्तित्वात आहेत. १५१५ मध्ये त्यांचा मानक्रम ठरविण्यात आला. त्यांपैकी मर्सर (किमती वस्त्रांचे व्यापारी), ग्रोसर (किराणा व मसाले), ड्रेपर (कापड), फिशमाँगर (मासळी), गोल्डस्मिथ (सोनार) इ. पहिल्या बारा कंपन्यांना ‘बारा थोर कंपन्या’ म्हणण्याचा प्रघात आहे. लंडनच्या मूळ नगरात किरकोळ धंदा करण्यासाठी ‘नगरहक्क’ आवश्यक होता. दुसऱ्या एडवर्डने १३१९ मध्ये दिलेल्या सनदेनुसार परक्या व्यक्तीला हा हक्क मिळविण्यासाठी त्या धंद्यातील सहा विश्वासार्ह माणसांची हमी द्यावी लागे. तेव्हापासून नगरहक्काची किल्ली प्रत्यक्षात श्रेणींच्या हाती आली. कोणीही प्रथम कंपनीत प्रवेश घेई व नंतर नगराच्या कोषाधिकाऱ्यापुढे, म्हणजे चेंबरलेनपुढे, जाऊन नगरहक्क मिळवी. एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन दप्तरांत होत. त्यामुळे एक नष्ट झाली, तरी दुसरी उपयोगी पडू शकते.

प्रवेशाचे मार्ग तीन होते : उमेदवारी पूर्ण करणे, पितृहक्क, म्हणजे सदस्याचे अपत्य असणे, आणि शुल्क भरून हक्क विकत घेणे. कुलेतिहासाच्या दृष्टीने तिसरा मार्ग जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण पैसे भरणाऱ्याचा बाप कोण हे विचारण्याचे कंपनीला कारण नसे. पहिल्या दोन मार्गांच्या नोंदी मात्र फार बोलक्या आहेत.

उमेदवारीची नोंद करार होताच केली जाई. तीत मुलाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, गाव व परगणा, बापाचा धंदा वा सामाजिक दर्जा, तो मृत असल्यास तसा उल्लेख, उस्तादाचे नाव, कराराची मुदत आणि पुढील काळात उस्तादाला दिलेली रक्कम इतका तपशील येतो. १५६३ च्या कायद्याने किमान सात वर्षांची उमेदवारी साऱ्या इंग्लंडात बंधनकारक झाली. लंडनमध्ये ती प्रथा त्यापूर्वीच रूढ होती. १५५६ मध्ये लंडनच्या नगरपरिषदेने चोवीस वर्षांच्या आत नगरहक्क देऊ नये, असा नियम केला. त्यामुळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नगरहक्काच्या तारखेवरून त्या व्यक्तीच्या जन्मवर्षाची अलीकडची मर्यादा काढता येते.

सोळाव्या शतकात लंडनमधील उमेदवारांपैकी बहुसंख्य शहराबाहेरून आलेले होते. यॉर्कशर, चेशर, नॉर्थॅम्प्टनशर अशा दूरच्या परगण्यांतील धाकटे मुलगे, विधवांची मुले व पोरकी मुले लंडनच्या कंपन्यांच्या वह्यांत दिसतात. बापाच्या नावापुढील ‘मृत’ या एका शब्दाने पॅरिशच्या नोंदवहीत दफनाची नोंद कोणत्या वर्षापूर्वी शोधावी हे कळते, इतकेच नव्हे तर मुलाला घर का सोडावे लागले याचाही अंदाज येतो.

या प्रकारच्या नोंदीचे एक प्रसिद्ध उदाहरण कवी व उत्कीर्णक विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) याचे आहे. ४ ऑगस्ट १७७२ रोजी तो ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील उत्कीर्णक जेम्स बझायर याच्याकडे सात वर्षांच्या मुदतीने उमेदवार राहिला व ही नोंद स्टेशनर्स कंपनीच्या (मुद्रक, प्रकाशक व पुस्तकविक्रेते यांच्या श्रेणीच्या) वहीत झाली. मोजे व होजिअरीचे दुकान चालविणाऱ्या त्याच्या बापाने यासाठी ५२ पौंड १० शिलिंग, म्हणजे पन्नास गिनी, मोजल्याचे तीत दिसते. एका मध्यम प्रतीच्या दुकानदाराने मुलाच्या कसबासाठी एवढी रक्कम खर्च करावी, यावरून त्या घराची ऐपत व मुलाविषयीची अपेक्षा या दोन्हींवर प्रकाश पडतो. ब्लेकच्या काव्याच्या अभ्यासकाला ही नोंद किरकोळ वाटेल. परंतु त्याचे घराणे अगदी निर्धन होते या समजुतीला ती बाध आणते.

पितृहक्काच्या नोंदीचे महत्त्व डॅनिएल डीफो (सु. १६६०–१७३१) या रॉबिन्सन क्रूसो च्या कर्त्याच्या उदाहरणावरून चांगले कळते. त्याच्या जन्माची वा बाप्तिस्म्याची नोंद मिळालेली नाही. घराणे प्रस्थापित चर्चबाहेरचे, म्हणजे विमतवादी. क्रिपलगेटच्या सेंट जाइल्स पॅरिशमध्ये त्याच्या बहिणींच्या जन्माच्या नोंदी आहेत व तेथे बाप जेम्स फो याचा धंदा चरबीच्या मेणबत्त्या करणारा असा दिला आहे. डॅनिएलविषयी पॅरिशचे दप्तर मूक आहे. परंतु जेम्स फो हा बुचर्स कंपनीचा, म्हणजे खाटिकांच्या श्रेणीचा सदस्य होता आणि त्याचा मुलगा या नात्याने डॅनिएलला जानेवारी १६८८ मध्ये पितृहक्काने प्रवेश मिळाला. पितृहक्काचा नियम असा, की बाप सदस्य झाल्यानंतर जन्मलेल्या औरस अपत्यालाच तो मिळे. म्हणजे या एका नोंदीने पितृत्व, औरसत्व आणि जन्माची अलीकडची नव्हे तर पूर्वीची मर्यादा अशा तीन गोष्टी सिद्ध होतात. जेम्सच्या स्वतःच्या उमेदवारीच्या नोंदीत त्याचा बाप नॉर्थॅम्प्टनशरमधील एट्टन या गावचा, स्वतःची जमीन कसणारा शेतकरी डॅनिएल फो असल्याचे म्हटले आहे. अशा प्रकारे नातवाचे नाव आजोबावरून ठेवले गेले होते हे कळते व लंडनच्या एका मेणबत्तीवाल्याचे मूळ खेडे निश्चित होते. आडनावापुढील ‘डी’ ही जोड लेखकाने स्वतः पुढे १६९५ च्या सुमारास लावली. त्या नव्या रूपाने शोध घेणाऱ्याला बुचर्स कंपनीच्या वहीत काहीच सापडले नसते.

श्रेणी व धंदा यांतील तफावत : मेणबत्त्या करणारा जेम्स फो खाटिकांच्या श्रेणीत कसा, असा प्रश्न येथे सहजच उपस्थित होतो, मेणबत्तीवाल्यांची स्वतंत्र कंपनी तर लंडनमध्ये होतीच. याचे उत्तर ‘लंडनची रूढी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात आहे. कोणत्याही एका कंपनीतून नगरहक्क मिळविलेल्या माणसाला बहुधा दुसरा कोणताही व्यापार करण्याची मुभा असे. तो आपल्या उमेदवाराला स्वतःच्या कंपनीत नोंदवी आणि शिकवी मात्र आपला प्रत्यक्ष धंदा. अशा रीतीने दोनतीन पिढ्यांत श्रेणीचे नाव व घराण्याचा धंदा यांचा संबंध पूर्णपणे तुटू शके. इंग्लंडातील आद्य मुद्रक विल्यम कॅक्स्टन हा १४३८ मध्ये मर्सर कंपनीत उमेदवार म्हणून नोंदला गेला व मुद्रक झाल्यावरही मर्सरच राहिला.

नाटकमंडळींच्या बाबतीत तर या तफावतीचा उपयोग जाणूनबुजून केला गेला. नटांची श्रेणी नव्हती. त्यामुळे स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलांना नटाकडे रीतसर उमेदवार म्हणून बांधून घेण्याची सोय नव्हती. शेक्सपिअरचा सहकारी नट व त्याच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहाचा एक संपादक जॉन हेमिंग्झ हा मात्र ग्रोसर्स कंपनीत १५७८ मध्ये उमेदवार राहिला होता व १५८७ मध्ये तिचा सदस्य झाला होता. किराणा व्यापाऱ्यांच्या या कंपनीत तो मुलांची नोंद करी आणि त्यांना रंगभूमीवर उभे करी. १५९७ मध्ये असा नोंदला गेलेला अलेक्झांडर कुक हा पुढे त्याच मंडळीतील नट झाला. डेव्हिड कॅथमन यांनी कंपन्यांच्या वह्या तपासून हा प्रकार उजेडात आणला. ज्यांच्या वंशजांना आपला पूर्वज किराणा दुकानात तराजू धरून बसे असे वाटत आले असेल, त्यांना ही माहिती धक्कादायक वाटणे शक्य आहे. सारांश, ‘नागरिक व ग्रोसर’ ही बिरुदावली माणसाचा कायदेशीर दर्जा दाखविते, त्याचे काम नव्हे. कामाचा शोध मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, कराच्या वह्या यांतून स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

गैरसमजाचे दुसरे कारण म्हणजे उमेदवारीची नोंद मिळाली, की पुढचे सारे आयुष्य गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी उमेदवार नगरहक्कापर्यंत पोहोचत. कित्येक साथीत दगावत, काही पळून जात, काही गावी परतत, तर काहींना लंडनबाहेर धंदा करण्यासाठी नगरहक्काची गरजच नसे. उस्ताद मरण पावल्यास उमेदवार दुसऱ्याकडे, प्रसंगी दुसऱ्या कंपनीतील सदस्याकडे, सोपविला जाई; अशा वेळी आरंभ एका वहीत व शेवट दुसऱ्या वहीत असतो. एकाच नावाच्या दोन व्यक्ती हा तर नित्याचा प्रकार. जॉन स्मिथ नावाच्या माणसाचा शोध करताना उस्तादाचे नाव, मुदत संपण्याचे वर्ष आणि बापाचे गाव ही तिन्ही जुळल्याखेरीज दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या मानू नयेत, असा दंडक अनुभवी संशोधक पाळतात. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, हेही विसरून चालत नाही. डीफोच्या प्रवेशाची जी तारीख वर जानेवारी १६८८ अशी दिली आहे, ती मूळ वहीच्या गणनेप्रमाणे १६८७ मधील आहे.

शोधाचा प्रवास सामान्यतः उलट दिशेने होतो. मृत्युपत्रात, विवाहाच्या परवान्यात वा एखाद्या थडग्यावर मृताचा उल्लेख ‘नागरिक व हॅबरडॅशर’ किंवा ‘नागरिक व क्लॉथवर्कर’ असा आढळतो. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयाच्या दप्तरात मोठ्या संख्येने आहेत. या उल्लेखावरून कंपनी कळते. कंपनीच्या वहीतून प्रवेशाचा मार्ग. त्यावरून उमेदवारी किंवा बापाचे सदस्यत्व. आणि शेवटी मूळ गावची पॅरिश. बाप सदस्य असेल, तर हाच क्रम आणखी एक पिढी मागे जातो.

स्त्रिया व वगळलेले लोक : नोंदवह्यांत स्त्रिया कमी दिसतात, परंतु त्या नव्हत्या असे नाही. सदस्याची विधवा पतीचा धंदा चालवू शके व त्याचे उमेदवारही तिच्याकडे राहत. मुद्रकांच्या विधवांनी चालविलेले छापखाने लंडनमध्ये पुष्कळ होते. मुलींनाही उमेदवार म्हणून बांधले जाई. मात्र मुलगी शिवणकाम वा टोप्या करणे गृहिणीकडून शिकत असली, तरी करार पतीच्या नावाने व पतीच्या कंपनीत होई. त्यामुळे लोहारांच्या वहीत एखादी मुलगी आढळल्यास तिने हातोडा चालविला असे समजण्याचे कारण नाही. विवाहानंतर स्त्रीचा नगरहक्क पतीच्या हक्कात लोप पावे व वहीतील तिचा मागही तेथेच संपे.

परदेशातून आलेल्यांची गत निराळी होती. फ्रान्समधील धार्मिक छळामुळे सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात आलेल्या ह्यूगनॉट कुटुंबांपैकी एकातील पॉल द लामेरी हा १७०३ मध्ये, ह्यूगनॉटच असलेल्या पिएर प्लातेल या सोनाराकडे उमेदवार राहिला आणि १७१३ मध्ये गोल्डस्मिथ्स कंपनीचा सदस्य होऊन इंग्लंडातील श्रेष्ठ रौप्यकार ठरला. सोनारांच्या बाबतीत संशोधकाला आणखी एक साधन लाभते. प्रत्येक सदस्याला भांड्यांवर उमटविण्याचे स्वतःचे चिन्ह कंपनीकडे नोंदवावे लागे. नाव बदलले वा दुकान हलले की नवे चिन्ह नोंदविले जाई. धातूवरील ठसा आणि वहीतील नोंद ताडून पाहता येते, अशी उदाहरणे इतर धंद्यांत विरळा.

कराच्या वह्या : ज्यांच्या कंपनीचे दप्तर नष्ट झाले किंवा ज्यांच्या नगरात श्रेणीच नव्हत्या, त्यांच्यासाठी उमेदवारीवरील मुद्रांक कराच्या वह्या हा मोठा आधार आहे. १७१० मध्ये सुरू झालेल्या या करानुसार उस्तादाने घेतलेल्या रकमेवर ५० पौंडांपर्यंत पौंडामागे ६ पेन्स व त्याहून अधिक असल्यास १ शिलिंग कर असे. ब्लेकसाठी दिलेल्या रकमेवर त्या दराने २ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स होतात. या वह्या १८११ पर्यंतच्या असून त्या लंडनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १७५० नंतर थोड्याच वर्षांत त्यांत बापाचे नाव देण्याची पद्धत जवळजवळ बंद पडली. करवसुलीला त्याची गरज नव्हती. धर्मादाय निधीतून किंवा पॅरिशच्या खर्चाने बांधलेल्या गरीब मुलांना कर माफ होता. परिणामी जी मुले सर्वांत निराधार, तीच या वह्यांतून गळाली.

दप्तरांचा नाश व जतन : १६६६ च्या आगीत लंडनमधील कंपन्यांची ४४ सभागृहे जळाली. पुष्कळ कंपन्यांनी आपल्या वह्या वेळीच हलविल्या म्हणून त्या वाचल्या, इतर कित्येकांच्या गेल्या. नगराच्या स्वतःच्या दप्तराचे दुर्दैव त्याहून मोठे. चेंबरलेनच्या कचेरीला १७८६ मध्ये लागलेल्या आगीत नगरहक्काच्या जुन्या नोंदवह्या नष्ट झाल्या. आठव्या हेन्रीच्या व सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींतील काही जळकी पाने उरली. ती चार्ल्स वेल्च यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. प्रवेशाचे सलग कागद मिळतात ते १६८१ पासूनच. दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्यांत (१९४०–४१) आणखी काही सभागृहे जमीनदोस्त झाली.

उरलेल्या सामग्रीच्या सूची करण्याचे काम मुख्यतः विसाव्या शतकात झाले. पर्सिव्हल बॉइड यांनी ड्रेपर्स कंपनीच्या सदस्यांची नामावली १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. डी. एफ. मकेन्झी यांनी स्टेशनर्स कंपनीच्या १६०५ ते १८०० या काळातील उमेदवारांच्या सूची तीन भागांत (१९६१, १९७४ व १९७८) सिद्ध केल्या. पुस्तकव्यवसायाच्या इतिहासाला त्यांनी नवा पाया दिला असे म्हणण्यास हरकत नाही. क्लिफ वेब यांनी अनेक लहान कंपन्यांच्या उमेदवारीच्या सूची पुस्तिकांच्या रूपाने काढल्या. कंपन्यांची दप्तरे बहुतांशी गिल्डहॉल ग्रंथालयात पाहता येतात, काही मोठ्या कंपन्यांनी ती स्वतःकडे ठेवली आहेत, तर नगरहक्काचे कागद लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज (२०२४ पासून ‘द लंडन आर्काइव्ह्ज’) या संस्थेत आहेत. आता संगणकीय सूचींमुळे नाव सापडणे सोपे झाले आहे. मात्र सूचीत उस्तादाचे नाव वा दिलेली रक्कम बहुधा गळते, म्हणून मूळ पान पाहण्याला पर्याय नाही. लंडनबाहेर यॉर्क नगराची नगरहक्कधारकांची यादी १२७२ पासूनची असून ती फ्रान्सिस कॉलिन्स यांनी दोन खंडांत (१८९७ व १९००) प्रसिद्ध केली. तीत बापाच्या हक्काने आलेल्यांची वेगळी नोंद आहे.

अन्य यूरोपीय देश : नेदर्लंड्समधील डेल्फ्ट नगराच्या सेंट ल्यूक श्रेणीत चित्रकार, काचकाम करणारे, कुंभार व चित्रांचे विक्रेते एकत्र होते. तिच्या वहीत २९ डिसेंबर १६५३ रोजी योहानेस व्हर्मेर या चित्रकाराचे नाव दाखल झाले. सहा गिल्डर शुल्कापैकी त्याने त्या दिवशी केवळ दीड गिल्डर भरला. उरलेली रक्कम फेडली गेली ती १६५६ च्या जुलैमध्ये. त्याचा बाप रेनिअर यान्स १६३१ पासून चित्रविक्रेता म्हणून याच श्रेणीत होता. सदस्याच्या मुलाने श्रेणीतील उस्तादाकडे दोन वर्षे शिक्षण घेतले असल्यास शुल्क निम्मे असे. व्हर्मेरने पूर्ण शुल्क दिले, यावरून तो डेल्फ्टबाहेर शिकला असावा, असा तर्क केला गेला आहे. शुल्काच्या आकड्यावरून आयुष्यातील एका अज्ञात कालखंडाचा शोध घेण्याचा हा नमुना होय. परंतु श्रेणीची वही याहून पुढे नेत नाही. बापाने प्रथम केवळ पितृनाम, नंतर फोस व अखेरीस व्हर्मेर अशी आडनावे लावली, आईचा बाप खोटी नाणी पाडण्याच्या प्रकरणात गुंतला होता, या गोष्टी अर्थशास्त्रज्ञ जॉन मायकेल माँटिअस यांनी नोटरींच्या व न्यायालयाच्या कागदांतून धुंडाळल्या. त्यांचा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

जर्मन भाषिक प्रदेशांत श्रेणीप्रवेशाच्या अटी अधिक कडक होत्या. उमेदवारीपूर्वी मुलाला जन्मपत्र सादर करावे लागे. त्यात आईबाप दोघांची नावे, त्यांचा विवाह विधिपूर्वक झाल्याची आणि मूल औरस असल्याची साक्षीदारांसह ग्वाही असे. इंग्लिश नोंदींत न दिसणारी आई येथे दिसते. परंतु ती दिसते ती संशयापोटी. अनौरस मुले, तसेच फाशी देणारे व मेलेली जनावरे सोलणारे यांसारख्या ‘अप्रतिष्ठित’ मानलेल्या लोकांची मुले यांना श्रेणीचे दार बंद होते. १७३१ च्या साम्राज्याच्या कारागीर-आदेशाने त्यांपैकी बहुतेकांना प्रवेशयोग्य ठरविले, तरी सोलणाऱ्यांना त्यातूनही वगळण्यात आले. ज्यूंना ख्रिस्ती श्रेणींत सर्वसाधारणपणे स्थान नव्हते. या घराण्यांचा शोध श्रेणीच्या प्रवेशवहीत करणे व्यर्थ आहे. ती सापडलीच तर नाकारलेल्या अर्जांत व तक्रारींत सापडतात. उमेदवारी संपल्यावर कारागिराने काही वर्षे गावोगाव हिंडून काम करावे अशी तेथील प्रथा होती. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी दिल्या जाणाऱ्या भ्रमणपुस्तिकांत प्रत्येक मुक्कामाचा शिक्का, धन्याचा शेरा, धारकाचे वय व कित्येकदा शरीरवर्णनही असते. ज्याची प्रतिमा उरलेली नाही अशा पूर्वजाची उंची व डोळ्यांचा रंग वंशजांना त्यांतून कळतो.

श्रेणींचे विसर्जन व उत्तरकालीन नोंदी : फ्रान्समध्ये श्रेणी १७९१ मध्ये रद्द झाल्या व प्रशियात १८१० मध्ये धंद्याचे स्वातंत्र्य जाहीर झाले. इंग्लंडात १५६३ च्या कायद्यातील उमेदवारीची सक्ती १८१४ मध्ये उठली. १८३५ च्या नगरपालिका अधिनियमाने इतर नगरांतील श्रेणींची धंद्यावरील पकड संपुष्टात आणली आणि लंडनच्या मूळ नगरात दुकान काढण्यासाठी नगरहक्काची अट १८५६ पासून राहिली नाही. तोपर्यंत अनेक नगरांत या हक्काला दुसरेच मोल आले होते. नगरहक्कधारकांना संसदेच्या निवडणुकीत मत असल्याने निवडणुकीच्या तोंडावर शेकडो माणसे, कित्येक तर दूरच्या गावी राहणारी, घाईने वहीत दाखल करून घेतली जात. या प्रकाराला आळा घालण्यासाठी १७६३ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार प्रवेशानंतर बारा महिने मतदानास मनाई करण्यात आली. मात्र उमेदवारी, पितृहक्क यांसारख्या जुन्या मार्गांनी आलेल्यांना ती लागू नव्हती. अठराव्या शतकातील एखाद्या वहीत एकाच आठवड्यात एका आडनावाचे चार भाऊ दाखल झालेले आढळले, तर त्या वर्षीच्या मतदारांच्या छापील याद्या प्रथम पाहाव्या लागतात. ते भाऊ त्या नगरात राहत होते असे त्या नोंदीवरून म्हणता येत नाही, पण त्यांचा बाप तेथील नगरहक्कधारक होता, एवढे निश्चितपणे म्हणता येते.